जप्ती टळली, मशीन सासरी गेली

आमच्या ठमीला अंगाई चालत नाही. मी गाऊन पाहिली, सासूबाईंनी जात्यावरच्या ओव्या म्हणून पाहिल्या, ठमीच्या बाबांनी तिला मांडीवर घेऊन पेपरातल्या बातम्या वाचून दाखवल्या. त्यात बाबा झोपले आणि ठमीने पेपर खाल्ला.

ठमी झोपते ती वॉशिंग मशीनच्या आवाजावर. मशीन पोटात पाणी घुसळायला लागली की हिच्या पापण्या जड होतात, आणि कपडे पिळायला गरगरली की ही तोंड उघडं टाकून पार गाढ. मशीन चालते तेवढा वेळ माझा असतो. त्यात मी चहा गरम असतानाच पिते, केसांतला गुंता सोडवते आणि एका अंगठ्याने फोनवर चार ओळी लिहिते. म्हणून कोणी आमची मशीन उचलून नेणार असं ऐकलं, तेव्हा ते नक्की काय काय उचलणार होते हे फक्त मला ठाऊक होतं.

मशीन हप्त्यावरची. दिवाळीच्या ऑफरमध्ये शहापूरच्या बाजारातून घेतली, दुकानदाराने पेढासुद्धा दिला. सुरुवातीचे हप्ते वेळेवर गेले. मग आदेशच्या कंपनीने पगाराची बँक बदलली. (आदेश म्हणजे ठमीचे बाबा. सासूबाईंसमोर मी त्यांना ‘अहो’ म्हणते, लिहिताना सवलत घेते.) पगार नव्या खात्यात जमा व्हायला लागला आणि हप्ता जुन्या खात्यात हात घालून रिकामा परत जायला लागला. असा दोनदा गेला. आमच्या कोणाच्याही ते लक्षात आलं नाही. ज्या घरात तान्हं मूल असतं तिथे गॅसवर ठेवलेलं दूध लक्षात राहत नाही, खात्यातून न गेलेले पैसे कुठून लक्षात राहणार?

एका मंगळवारी फायनान्स कंपनीतून फोन आला. बाई फार गोड बोलली. दोन हप्ते राहिलेत, आमचा माणूस फील्ड व्हिजिटला येईल, आपला दिवस शुभ जावो. मी ते सहज सासूबाईंना सांगितलं. त्या मटार सोलत होत्या. “माणूस येईल,” एवढंच त्यांनी ऐकलं आणि हातातली शेंग तशीच राहिली.

त्याचं कारण ‘जप्ती पथक’. रोज रात्री आठला लागणारा हा कार्यक्रम आमच्या बिल्डिंगमध्ये आरतीसारखा पाहिला जातो; खरं तर आरतीला इतके जण नसतात. काळ्या काचांची गाडी थांबते. तिच्यातून काळी जाकिटं घातलेले पहिलवान उतरतात. त्यांचा म्होरक्या कमरेवर हात ठेवून म्हणतो, तुमच्याकडे दहा मिनिटं आहेत. त्या दहा मिनिटांत जाहिराती होतात. मग ढोल वाजतो, तो “उचला” म्हणतो आणि पहिलवान टीव्ही, फ्रिज, स्कूटर, जे दिसेल ते उचलतात. घरातली बाई रडते. कॅमेरा तिच्या इतका जवळ जातो की नाकातली चमकी खरी की खोटी हेही कळावं. सासूबाई तिच्याबरोबर डोळे पुसतात आणि वर म्हणतात, “घेताना कळत नाय का यांना?”

त्या मंगळवारी त्यांनी हे वाक्य म्हटलं नाही. ठमीला माझ्याकडून घेतलं, छातीशी धरलं, आणि शेजारच्या सोमीकाकूंना हाक मारली.

सोमीकाकू म्हणजे या विषयातलं आमचं सर्वोच्च न्यायालय. वकील जुन्या निकालांचे दाखले देतात, तसे काकू भागांचे दाखले देतात. त्यांनी आमची बाजू शांतपणे ऐकून घेतली, पंखा कमी करायला लावला आणि पहिला निकाल दिला: चालू मशीन पथक उचलत नाही. संदर्भ, साताऱ्याच्या गिरणीवाल्याचा भाग. तिथे गिरणीचा पट्टा फिरत होता म्हणून पहिलवान ताटकळत उभे राहिले होते.

मी मराठी घेऊन बी.ए. झालेली बाई. या कार्यक्रमाला मी आजवर नाक मुरडत आले होते. पण शंका ही अशी गोष्ट आहे, की ती शिक्षण विचारत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळपासून आम्ही मशीन चालू ठेवली. मळके कपडे संपल्यावर धुतलेले घातले, ते संपल्यावर सासूबाईंनी ट्रंकेतली लग्नातली चादर काढली. आमच्याकडे पाणी येतं दिवसाआड. तानसा धरणाचं पाणी इथून पाइपात बसून मुंबईला जातं, आम्ही त्याला निरोप देतो. त्यामुळे दुपारपर्यंत टाकी संपली आणि खालच्या मजल्यावरून विचारणा आली, की वर नक्की कोणाचं बाळंतपण आहे. ठमी मात्र अखंड झोपली होती. दिवसभराची सगळी झोप घेऊन ती संध्याकाळी ताजीतवानी उठली, आणि मग पहाटेपर्यंत आम्हा तिघांपैकी कोणालाही तिने एकटं वाटू दिलं नाही.

आदेशने सरळ मार्ग धरला होता, हेही सांगायला हवं. पैसे होते; प्रश्न फक्त ते द्यायचा होता. अर्ध्या दिवसाची रजा टाकून तो बँकेत गेला. नव्या खात्यातून हप्ता जायला हवा तर कंपनीच्या सहीचा फॉर्म आणा, बँक म्हणाली. कंपनीला फोन लावला, तर आधी बराच वेळ सनई ऐकवली आणि मग बँकेच्या शिक्क्याशिवाय आमची सही होत नाही, असं सांगितलं. दुकानदार म्हणाला, माझा संबंध पेढ्यापर्यंत होता. शेवटी कंपनीने फोनवर पैसे भरायची लिंक पाठवली. आदेश ती दाबणार एवढ्यात सोमीकाकूंनी त्याच्या हातातून फोन काढून घेतला. कोल्हापूरच्या डॉक्टरच्या भागात अशाच लिंकवर पैसे भरले होते, आणि पथक तरीही आलं होतं. आदेशने इंजिनीअरिंगचा डिप्लोमा केला आहे. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे पाहिलं, आणि लिंक राहिली.

दुसरा निकाल आला तो असा: परक्याच्या घरातली वस्तू पथकाला उचलता येत नाही. हा मात्र सगळ्यांना पटला. माझं माहेर धसईचं. तिथे त्याच आठवड्यात माझ्या चुलत बहिणीची, अक्षदाची, हळद होती, आणि माझा भाऊ ओमकार तिच्या आंदणाचं कपाट न् पलंग न्यायला टेम्पो घेऊन शहापुरात येणारच होता. टेम्पोत एका मशीनएवढी जागा होती. योगायोग इतका नीट जुळला, की मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

काकूंचं म्हणणं, पथकाचे खबरे चहाच्या टपरीवर बसलेले असतात. मशीन उघडी नेऊ नका. म्हणून ती झाकणापर्यंत नव्या चादरीत गुंडाळली. पण सासूबाईंचं तेवढ्याने समाधान होईना. बार्शीच्या एका भागात नव्या स्कूटरला हार घातलेला पाहून पहिलवानांनी हात मागे घेतला होता, हे त्यांनी स्वतः पाहिलं होतं. म्हणून त्यांनी मशीनच्या झाकणावर कुंकवाने स्वस्तिक काढलं, हळदीकुंकू वाहिलं, लाल खण बांधला आणि वर नारळ ठेवला. टेम्पो कोपऱ्यावर वळताना त्यांनी डोळ्याला पदर लावला. माझ्या कडेवरची ठमी भोंगा पसरून रडत होती. टपरीवरचे दोन खबरे उभे राहून बघायला लागले. लग्नघरातली पाठवणी सोडली तर इतकं दुःख आमच्या गल्लीने पाहिलेलं नाही.

आता धसईची हळद म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्याकडे लग्न दुसऱ्या दिवशी उरकतात. साजरी होते ती हळद. आणि हळदीत नवरा-नवरीपेक्षा मोठा माणूस म्हणजे माइकवाला. आहेर कोणाचाही असो, साधा स्टीलचा डबा असो, माइकवाला देणाऱ्याचं नाव, गाव आणि नातं अख्ख्या पंचक्रोशीला ऐकवतो. एकदा माइकवरून गेलं, की ते दगडावरची रेघ.

ओमकारने टेम्पो मांडवापाशी रिकामा केला आणि तो बर्फ आणायला मुरबाडला पळाला. पोरांनी सामान ओळीने मांडलं: कपाट, पलंग, आणि त्यांच्या मधोमध खण ल्यालेली, स्वस्तिक काढलेली, नारळ ठेवलेली आमची मशीन. सगळ्या आंदणात तीच जास्त नटलेली. माइकवाल्याने विचारलं, ही कोणाची? कोणीतरी सांगितलं, शहापूरहून आली. पुढचं त्याने स्वतःच जुळवलं.

आम्ही एसटीतून उतरून मांडवाच्या कमानीत पाय ठेवला, तोच कर्णे खणाणले: “शहापूरचे जावई आदेशराव यांच्याकडून नवरीला वॉशिंग मशीन!”

मी माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. या माणसाला माझ्या माहेरी लग्नापासून ‘पाव्हणं’ म्हणतात, कारण त्याचं नाव कोणाच्या लक्षात राहत नाही. मागच्या वर्षी पंगतीत त्याला पत्रावळ मिळाली आणि भात संपला. त्याच माणसाच्या डोक्याला आता फेटा गुंडाळला जात होता. खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला (आमचाच, मशीनवरचा). माझे चुलते, अक्षदाचे वडील, गर्दीतून वाट काढत आले, आदेशला मिठी मारून “आदेशराव” म्हणाले आणि त्यांनी मिठी सोडलीच नाही. आदेश त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होता. ‘सांगू का?’ असं त्याच्या डोळ्यांत होतं. पण फेट्याचा तुरा ताठ होता, आणि नावापुढे एकदा ‘राव’ लागलं की माणसाला मागे फिरता येत नाही.

तरी मी सांगणार होते. देवाशपथ. मी तशी सरळ अक्षदाकडे गेलेसुद्धा. ती पाटावर बसली होती, कोपरापर्यंत हळद. तिने मला खाली ओढलं आणि कानात म्हणाली, “ताई, त्यांच्या घरात अकरा माणसं. धुणं खाली ओढ्यावर. मी कोणाला बोलले नव्हते गो, तुला कसं कळलं?”

या प्रश्नाला एकच खरं उत्तर होतं आणि ते देण्याची माझी छाती झाली नाही. मी तिच्या गालाला हळद लावली आणि म्हटलं, “बहीण हाय ना मी.”

लग्न झालं. मशीन कपाट-पलंगाबरोबर डोळखांबला, अक्षदाच्या सासरी गेली. आम्ही घरी आलो आणि सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी रिकाम्या मोरीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “पथकानं तर नाय ना नेली? मग झालं.” या विजयाच्या आनंदात मी ठमीची लंगोटं दगडावर आपटायला बसले. ठमी शेजारी जागीच. माझा चहा रोज गार. केसांचं टोपलं झालं. लिहिणं तर सोडाच, मी त्या दिवसांत काही विचार केल्याचंही मला आठवत नाही.

पुढच्या सोमवारी तो माणूस आला.

बिल्डिंगला आधीच वर्दी गेली होती. सोमीकाकूंनी कॅमेऱ्यासाठी जांभळी पैठणी नेसली होती. जिन्यात माणसं उभी. आणि आला तो एक किरकोळ तरुण, कपाळावर हेल्मेटचा वळ, खांद्याला झिजलेली बॅग, बुटांवर मुरबाड रस्त्याची धूळ. नाव जगन. त्याने आधी पाणी मागितलं. सगळे त्याच्या मागे बघत राहिले.

सासूबाईंनी विचारलं, “बाकीचे कुठं हायेत?”

“कोण बाकीचे, मावशी?”

“पथक.”

जगनने पाण्याचा पेला खाली ठेवला आणि जरा वेळ डोळे मिटले. मग त्याने जे सांगितलं, ते ऐकून मला माझं दुःख लहान वाटलं. तो कार्यक्रम सुरू झाल्यापासून त्याच्या धंद्याची रया गेली होती. काही घरांत त्याला बघून लोक फ्रिजवर बसून राहतात. तानसाकडच्या एका घरात त्याला पाहुणे जमेपर्यंत ताटकळत ठेवलं, आणि ते जमल्यावर व्हिडिओसाठी एकदा “उचला” म्हण, असा आग्रह केला. खुद्द त्याचा सासरा विचारतो, जावयबापू, तुम्हाला अजून जाकीट नाय दिलं?

“ताई, मी बाईकवर आलोय,” तो मला म्हणाला. “मशीन काय मांडीवर घेऊन जाऊ?”

घरात शिरून वस्तू उचलायची आपल्याला मुभा नाही, तो म्हणाला. त्याला कोर्टकचेरी लागते. आपण दिवसाउजेडी यायचं, नीट बोलायचं, हप्ता घ्यायचा, पावती द्यायची. सोमीकाकूंना हे सहन झालं नाही. त्यांनी गिरणीवाला काढला, डॉक्टर काढला, बार्शीची स्कूटर काढली. जगन म्हणाला, काकू, ते सगळे नट असतात.

सासूबाईंनी हळूच विचारलं, “आणि ती बाई रडते ती?”

“ती पण, मावशी.”

“मी किती रडले तिच्यापायी,” सासूबाई म्हणाल्या, आणि खाली बसल्या.

आदेशने दोन्ही हप्ते फोनवरून तिथल्या तिथे भरले. बँकेने आणि कंपनीने ज्याच्यासाठी त्याला नाचवलं होतं, तो फॉर्म जगनच्या बॅगेत होता. चहा झाला. सगळं इतकं सुरळीत पार पडलं, की काकू नाराज होऊन पैठणी बदलायला निघाल्या. जगन उठला आणि म्हणाला, तेवढा वस्तूचा एक फोटो लागतो.

तो मोरीपाशी गेला. भिंतीतून एक पाइप लोंबत होता आणि खाली फरशीवर मशीनएवढा स्वच्छ चौकोन होता. जगन वळला, तेव्हा पहिल्यांदाच त्याचा चेहरा मला टीव्हीवरच्या म्होरक्यासारखा दिसला.

“मशीन कुठंय?”

“सासरी गेली,” सासूबाई म्हणाल्या.

काकू दारातून परत आत आल्या.

जगनने सगळं ऐकून घेतलं. मधे एकदा हसू आवरायला खिडकीबाहेर बघितलं. पण मग गंभीर झाला. हप्ता चालू असलेली वस्तू अशी आहेरात देता येत नाही. ‘वस्तू जागेवर नाही’ असं त्याने कळवलं, तर कंपनी सगळी रक्कम एकदम मागेल. म्हणजे जे संकट येणारच नव्हतं, ते आम्ही खण-नारळ देऊन घरी बोलावून आणलं होतं. ठमी माझ्या कडेवर किंचाळत होती. झोप अनावर झालेली आणि येत नव्हती. त्या कलकलाटात मला एवढंच सुचलं, मी अक्षदाला व्हिडिओ कॉल लावला.

डोळखांबच्या घराची मागची पडवी दिसली. मशीन मधोमध, खण अजून बांधलेला. दोन जावा हंड्याने तिच्यात पाणी ओतत होत्या, आणि समोर एक आजोबा कीर्तनाला बसल्यासारखे मांडी घालून बसले होते. जगनने फोनपाशी डोकं घालून मशीनचा नंबर दाखवायला सांगितला. कोण बोलतंय, असं अक्षदाने विचारलं, आणि मला तिला सांगावंच लागलं. हप्ता, पथक, टेम्पो, माइकवाला, सगळं. तिचा चेहरा उतरत गेला. चुडा भरलेला हात झाकणावर तसाच राहिला.

“ताई, टेम्पो करून उद्याच पाठवते,” ती म्हणाली. “तू आधी बोलायचं ना गो.”

मी काही म्हणायच्या आत तिकडच्या धाकट्या जावेने बटण दाबलं. मशीन घरघरली, पाणी घुसळायला लागलं. फोनमधून तो आवाज आला, बारीक आणि लांबचा. ठमीने रडता रडता आवंढा गिळला. कान टवकारला. मग माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि लाळ गाळत, तोंड उघडं टाकून, पार गाढ झोपली.

कोणी हललं नाही. फोनमध्ये अक्षदाही तिच्याकडे बघत होती. तिच्या मागे अकरा माणसांच्या कपड्यांचा ढीग होता. कोणाचा तरी शाळेचा गणवेश वर होता.

“राहू दे गो तिथंच,” मी कुजबुजले. “फक्त दुपारी लावशील ना, तेव्हा मला फोन कर.”

जगनने फोनच्या पडद्याचाच फोटो काढला. काय लिहिणार, म्हणून आदेशने खुणेनेच विचारलं. “मशीन चालू आहे आणि कुटुंबातच आहे,” जगन हळू आवाजात म्हणाला, “खोटं काय हाय त्यात?” ठमी जागी होऊ नये म्हणून तो बूट हातात घेऊन जिना उतरला. सोमीकाकू त्याच्या पाठीकडे बघत राहिल्या. असला वसुलीवाला त्यांनी एकाही भागात पाहिला नव्हता.

‘जप्ती पथक’ आमच्याकडे अजून लागतं. सोमीकाकूंचा जगनवर विश्वास नाही. त्याला पथकातून काढून टाकलं असेल म्हणून जळतो, म्हणतात. सासूबाई आता डोळे पुसत नाहीत. बाई रडायला लागली की मान डोलावून म्हणतात, “आज चांगलं केलं हो पोरीनं.” हप्ता नव्या खात्यातून बिनबोभाट जातो. आदेशचा फेटा कपाटावर आहे, तो कोणी हलवायचा नाही.

आणि दुपारी फोन येतो. अक्षदा फोन मशीनजवळच्या स्टुलावर ठेवते, मी इकडे उशीपाशी. लंगोटं अजून दगडावरच धुते मी, पण सकाळी उरकून टाकते. दुपार माझी. हे सगळं त्याच दुपारच्या तुकड्यांतून आदेशच्या फोनवर लिहिलेलं आहे, कारण माझा फोन अंगाईच्या कामाला लागलेला असतो.

आताही ठमी झोपली आहे आणि उशीपाशी डोळखांबचं पाणी घुसळतंय. इतक्यात आवाज बंद पडला. तिकडची लाइट गेली. ठमीची भुवई हलली, एक डोळा किलकिला झाला, आणि माझा अंगठा इथेच थांबला.

फोनमध्ये थोडी खुसखुस झाली. मग अक्षदा तोंडानेच करायला लागली, “घुर्रर्र, घुर्रर्र.” तिचा दम संपला तिथून एका जाड्या आवाजाने पुढचं उचललं. ती तिची सासू असणार.

ठमीचा डोळा मिटला.